घरावर सोलर बसवताय? आधी एवढं ठरवा: बिल कमी करायचंय की लाईट गेल्यावर पंखा हवाय?

शेजारच्यांच्या गच्चीवर पॅनेल बसली आणि त्यांचं लाईट बिल दोन-अडीचशेवर आलं असं कळलं, की आपल्याही घरात चर्चा सुरू होते. '३०० युनिट वीज मोफत'चा मेसेज व्हॉट्सअॅपवर येऊन पडलेला असतोच. मग कुणीतरी ओळखीचा डीलर येतो, गच्ची मोजतो, कोटेशन देतो आणि महिन्याभरात सिस्टिम उभी राहते. पुढे पहिल्याच वळवाच्या पावसात लाईट जाते आणि आजी विचारते, "आपल्याकडे सोलर आहे ना? मग अंधार कसा काय?"

हा प्रश्न पैसे भरायच्या आधी विचारला गेला पाहिजे. सोलर घेताना सगळ्यात जास्त निराशा इथेच होते.

झालेलं काय असतं, तर डीलरने ऑन-ग्रिड सिस्टिम बसवलेली असते. सरकारी अनुदानातून बसणाऱ्या बहुतेक घरगुती सिस्टिम याच प्रकारच्या असतात आणि त्यात काही चूक नाही. पॅनेलमध्ये तयार होणारी वीज डीसी असते. इन्व्हर्टर तिची एसी करतो आणि ती घरात वापरली जाते. उरलेली वीज मीटरमधून बाहेर, महावितरणच्या तारांमध्ये जाते. पण बाहेरची लाईट गेली की हा इन्व्हर्टर लगेच बंद पडतो. बाहेर कडक ऊन असलं तरीही. कारण साधं आहे. लाईट गेली म्हणून वायरमन खांबावर चढलेला असताना तुमच्या गच्चीवरून त्याच तारेत वीज सुटली, तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून इन्व्हर्टरमध्ये ही सोय सक्तीची आहे. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट गेली, तर तेवढा वेळ तुमची पॅनेल ऊन खात नुसतीच पडून राहतात.

याच्या उलट ऑफ-ग्रिड सिस्टिम. बाहेरच्या तारेशी संबंध नाही, सगळी भिस्त बॅटरीवर. वीज पोचलेली नाही अशा वाडी-वस्तीवर, शेतघरावर ती कामाची. शहरातल्या किंवा गावठाणातल्या घराला तिची गरज सहसा नसते आणि केंद्राचं अनुदानही तिला मिळत नाही. तिसरा प्रकार हायब्रिड. यात ग्रिडही असतं आणि बॅटरीही, त्यामुळे लाईट गेली तरी ठरावीक उपकरणं चालू राहतात. मात्र बॅटरीचा खर्च पूर्ण तुमचा, त्यासाठी वेगळं अनुदान नाही. आणि बॅटरी काही पॅनेलइतकी टिकत नाही.

आता एक गोष्ट, जी डीलर सहसा सांगत नाही. तुमच्या घरात आधीपासून साधा इन्व्हर्टर आणि ट्यूब्युलर बॅटरी असेल, तर ती काढायची गरज नाही. ऑन-ग्रिड सोलर बिल कमी करेल आणि जुना इन्व्हर्टर लाईट गेल्यावर पंखे-दिवे चालवेल. दिवसातून तासाभराचीच लाईट जात असेल, तर माझ्या मते हीच जोडी सगळ्यात स्वस्त आणि शहाणपणाची. रोज चार-चार तास लाईट जाते, घरात ऑक्सिजन मशीन आहे किंवा ऑनलाइन काम चालतं, अशांनी हायब्रिडचा विचार जरूर करावा.

बॅटरी किती पुरेल याचा हिशेब घरी करता येतो. ७५ वॅटचे तीन पंखे, १० वॅटचे चार एलईडी दिवे आणि वायफाय मिळून साधारण २७५ वॅट होतात. चार तास चालवले तर १.१ युनिट. १२ व्होल्टच्या १५० एएच बॅटरीत कागदावर १.८ युनिट मावतात, पण लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवली तर तिचं आयुष्य घटतं. म्हणजे हाताशी एक युनिटही धड नाही. दीड टनाचा एसी तासाभरातच ते संपवेल. 'बॅटरीवर एसी चालेल' असं कुणी म्हणालं, तर किती वेळ, हे लिहून मागा.

किती किलोवॅटची घ्यावी?

यासाठी डीलरची नाही, लाईट बिलाची गरज आहे. मागच्या १२ महिन्यांचे युनिट बिलावर छापलेले असतात. त्यांची बेरीज करा. महाराष्ट्रात १ किलोवॅटची पॅनेल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट, म्हणजे महिन्याला १२० युनिट देतात. पावसाळ्यात हा आकडा बराच खाली येतो, हिवाळा-उन्हाळ्यात भरून निघतो. तुमचा वापर वर्षाला ३,००० युनिट, म्हणजे महिन्याला २५० असेल, तर २ किलोवॅट पुरतात. त्यासाठी साधारण २०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते.

पावसाळ्यातली तूट कशी भरते, तर नेट मीटरमुळे. तुम्ही किती वीज घेतली आणि किती बाहेर दिली, हे दोन्ही हा मीटर मोजतो आणि बिल वजाबाकीचं येतं. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात. मात्र ३१ मार्चला हा हिशेब बंद होतो आणि उरलेले युनिट वीज कंपनी तुम्ही भरता त्यापेक्षा बऱ्याच कमी दराने घेते. म्हणून 'जागा आहे तर ५ किलोवॅट लावून टाका, वीज विकून पैसे कमवा' या सल्ल्यात दम नाही. गरजेपुरतीच घ्या. बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो, तोही बघा. सिस्टिम त्याहून मोठी असेल, तर भार वाढवावा लागतो.

ते ३०० युनिट मोफत प्रकरणही इथेच समजून घेऊ. सरकार तुम्हाला ३०० युनिट देत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना सिस्टिमच्या खर्चात मदत करते. पहिल्या २ किलोवॅटसाठी किलोवॅटमागे ३० हजार, तिसऱ्यासाठी १८ हजार, असे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये. ३ किलोवॅट महिन्याला तीनशेच्या पुढे युनिट तयार करतात, त्यातून तो आकडा आला. पॅनेल कितीही वीज देवोत, स्थिर आकार भरावाच लागतो. बिल शून्य होईल असं कुणी सांगितलं तर त्याला हे विचारा.

पैसे कधी वसूल होतात? समजा २ किलोवॅटचं कोटेशन १ लाख ४० हजारांचं आलं. ६० हजार अनुदान वजा जाता तुमचे ८० हजार. महिन्याला २४० युनिट वाचले आणि एका युनिटमागे सरासरी ८ रुपये धरले, तर वर्षाला २३ हजार वाचतात. साडेतीन वर्षांत पैसे सुटतात. पण हे २५० युनिट वापरणाऱ्याचं गणित. महावितरणच्या दरात १०० युनिटनंतरचा टप्पा पहिल्यापेक्षा जवळपास दुप्पट महाग पडतो, आणि सोलर आधी हे महाग युनिट कमी करतं. ज्यांचा वापर मुळातच १०० युनिटच्या आत आहे, त्यांनी घाई करण्यासारखं काही नाही. आणि बिल फक्त गिझरमुळे फुगत असेल, तर सोलर वॉटर हीटर कमी पैशांत काम करतो. तो पाणी तापवतो, वीज बनवत नाही. बरेच जण दोन्हीला 'सोलर'च म्हणतात, म्हणून सांगितलं.

गच्ची आणि सावली

पॅनेलची तोंडं दक्षिणेकडे हवीत, हे बहुतेकांना माहीत असतं. सावलीकडे मात्र दुर्लक्ष होतं. पॅनेल एकामागोमाग एक ओळीत जोडलेली असतात, त्यामुळे एकावर पडलेली नारळाच्या झावळीची किंवा टाकीची सावली सगळ्या ओळीचं उत्पादन खाली ओढू शकते. गंमत अशी, की पाहणी बहुतेक वेळा उन्हाळ्यात होते. तेव्हा सूर्य डोक्यावर असतो आणि सावली दिसतच नाही. डिसेंबरमध्ये पुण्यात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो. तेव्हा ६ फूट उंचीच्या टाकीची सावली उत्तरेला साडेपाच फूट पसरते आणि सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. टाकीच्या उत्तरेला पॅनेल लावत असतील, तर तिथेच थांबवा.

कडक ऊन म्हणजे जास्त वीज, हाही गैरसमज. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांवर गेलं, तर नेहमीच्या मोनो पर्क पॅनेलचं उत्पादन त्या हिशेबाने १४ टक्क्यांच्या आसपास घटतं. टॉपकॉन पॅनेलमध्ये ही घट थोडी कमी असते. म्हणून पॅनेलच्या खालून वारा खेळला पाहिजे. पत्र्याला अगदी चिकटवून बसवू नये.

पापड-कुरडया वाळवायला गच्ची मोकळी हवी म्हणून बरेच जण उंच सांगाडा करून घेतात. हरकत नाही, पण उंची वाढली की वाऱ्याचा जोरही वाढतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीत छपरं कशी उडाली, हे कोकणात कुणाला सांगायला नको. सांगाडा गॅल्व्हनाइज्ड हवा, नुसता रंग मारलेला नको. किनाऱ्यावर तर रंगाखालचं लोखंड बघता बघता गंजतं. अर्थिंग आणि वीजरोधक कोटेशनमध्ये स्वतंत्र लिहिलेले हवेत.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची अडचण वेगळी. गच्ची सोसायटीची, त्यामुळे परवानगी लागते. तिथे लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांच्या मीटरवर सोलर बसवणं जास्त सोपं जातं. त्यासाठी सोसायटीला किलोवॅटमागे १८ हजारांचं अनुदान आहे आणि फायदा मेंटेनन्समध्ये सगळ्यांना मिळतो.

कागदपत्रांत अडकतं ते नावावर

अनेक घरांत लाईट बिल अजून वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असतं. अर्ज आणि बँक खातं मुलाच्या नावाचं. मग अनुदान लटकतं. आधी मीटर नावावर करून घ्या, मगच सूर्यघर पोर्टलवर नोंदणी करा आणि तिथल्याच यादीतला विक्रेता निवडा. अनुदान काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर तुमच्या खात्यात येतं, म्हणजे सुरुवातीला पूर्ण रक्कम किंवा कर्जाची सोय तुम्हालाच करावी लागते.

अनुदानासाठी पॅनेल 'डीसीआर' हवीत, म्हणजे पॅनेलबरोबर आतले सेलही भारतात बनलेले. बिगर-डीसीआर पॅनेल स्वस्त असतात, त्यामुळे इथे फसगत होऊ शकते. प्रत्येक पॅनेलच्या मागे अनुक्रमांक असतो. वर चढवायच्या आधी त्याचे फोटो काढा आणि बिलावरच्या क्रमांकांशी ताडून बघा. '२५ वर्षांची वॉरंटी' ही वीजनिर्मितीची असते. पॅनेल खराब निघालं तर बदलून देण्याची वॉरंटी त्याहून कमी वर्षांची आणि इन्व्हर्टरची आणखी वेगळी. तिन्ही आकडे कोटेशनवर लिहून घ्या.

शेवटचं, पण महागात पडणारं. सगळं बसवून झालं आणि नेट मीटर यायला वेळ लागतोय, तर 'तोवर चालू करून बघू' म्हणून सिस्टिम सुरू करू नका. काही जुने डिजिटल मीटर बाहेर गेलेली वीजही वापर म्हणूनच मोजतात, आणि मग महिन्याचं बिल कमी होण्याऐवजी वाढून येतं.