१६२ आणि १५८ : भोर समितीच्या एका तक्त्याची कथा

१/ १९४६ साली हिंदुस्थान सरकारने आरोग्यविषयक चार खंडांचा एक अहवाल प्रसिद्ध केला. त्याच्या पहिल्या खंडाच्या आरंभीच एक साधा तक्ता आहे. देशांची नावे आणि त्यांपुढे दोन रकाने : मृत्युदर व अर्भकमृत्युदर. वर्ष १९३७. स्वतंत्र भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा ज्या अहवालातून आला, त्याची सुरुवात अशी परदेशांशी केलेल्या तुलनेने होते. तो तक्ता कसा वाचावा आणि त्यातील कोणत्या ओळीकडे दुर्लक्ष झाले, याविषयीचा हा धागा.

२/ तक्त्यातील काही आकडे असे. न्यूझीलंड : मृत्युदर हजारी ९.१, अर्भकमृत्युदर हजारी ३१. इंग्लंड व वेल्स : १२.४ आणि ५८. सिलोन : २१.७ आणि १५८. ब्रिटिश हिंदुस्थान : २२.४ आणि १६२. अर्भकमृत्युदर म्हणजे जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी पहिला वाढदिवस न पाहणाऱ्यांची संख्या. हिंदुस्थानात दर सहा मुलांमागे जवळजवळ एक मूल वर्षाच्या आत दगावत होते.

३/ हा अहवाल भोर समितीचा. ऑक्टोबर १९४३ मध्ये, बंगालमध्ये दुष्काळ माणसे गिळत असताना ही समिती नेमली गेली. अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकचे. जन्म १८७८, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात व पुढे लंडनला, मग आयसीएसची नोकरी. समितीत कामगार पुढारी ना. म. जोशी होते, डॉ. बिधानचंद्र रॉय होते, मद्रासचे डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार होते.

४/ हिंदुस्थानातील मृत्यूंची विलायतेशी तुलना मात्र त्याहून जुनी आहे. १८५७ च्या उठावानंतर ब्रिटनने हिंदुस्थानातील फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी शाही आयोग नेमला. १८६३ च्या त्याच्या अहवालात एक आकडा गाजला : येथील गोऱ्या सैनिकांचा वार्षिक मृत्युदर हजारी ६९. मायदेशी त्याच वयाच्या पुरुषांचा दर दहाच्या आतबाहेर होता. या आकड्याचा पाठपुरावा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी वर्षानुवर्षे केला.

५/ परिणामही झाला. छावण्यांना स्वच्छ पाणी, मोऱ्या आणि हवेशीर बराकी मिळाल्या, आणि दहा वर्षांत तो आकडा ६९ वरून १८ वर आल्याचे नाइटिंगेल यांनी नोंदवले. परंतु ही तुलना ज्यांच्यासाठी केली गेली, सुधारणाही त्यांच्याच वाट्याला प्रामुख्याने आली. छावणीच्या हद्दीपलीकडील गावाच्या विहिरीचे पाणी पूर्वीसारखेच राहिले. तुलनेत कोणाला धरायचे, या प्रश्नाचे उत्तर तेथेच दिले गेले होते.

६/ भोर समितीने ती हद्द ओलांडली. तिने अवघ्या लोकसंख्येची तुलना मांडली. १९२१ ते १९३० या काळात हिंदुस्थानी पुरुषाचे जन्मवेळचे सरासरी आयुर्मान २६.९१ वर्षे आणि स्त्रीचे २६.५६ वर्षे. इंग्लंडमध्ये ते अनुक्रमे ५८.७४ आणि ६२.८८. तेथे स्त्री पुरुषापेक्षा चार वर्षे अधिक जगत होती. येथे निसर्गाने दिलेले ते झुकते मापही तिच्याकडून हिरावले गेले होते.

७/ सत्तावीस या आकड्याचा अर्थ त्या काळचा माणूस सत्ताविशीत म्हातारा होऊन मरत असे, असा नव्हे. साठी-सत्तरी गाठलेली माणसे प्रत्येक गावात होती. सरासरी खाली ओढत होते ते बालमृत्यू. समितीच्या हिशेबाप्रमाणे ब्रिटिश हिंदुस्थानातील एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे दहा वर्षांखालील मुलांचे होते. इंग्लंडमध्ये हे प्रमाण शेकडा दहा होते.

८/ कारणेही समितीने आकड्यांतच सांगितली. ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर, ब्रिटनमध्ये १,००० लोकांमागे एक. येथे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका, तेथे ३०० मागे एक. दरवर्षी सुमारे दोन लाख स्त्रिया गरोदरपणात किंवा बाळंतपणात मरत होत्या. म्हणजे हजार जन्मांमागे वीस माता. सुमारे दहा कोटी लोकांना दरवर्षी हिवताप गाठत होता.

९/ हे आकडे विश्वासार्ह होते का? समितीलाच तशी खात्री नव्हती. जन्ममृत्यूची खबर देणारा बहुधा गावचा चौकीदार किंवा गावकामगार असे. त्याला लिहितावाचता येईलच असे नव्हते, आणि मृत्यूचे कारण म्हणून ‘ताप’ एवढा एकच शब्द पुरत असे. अनेक जन्म व मृत्यू नोंदलेच जात नसत. त्यामुळे २२.४ हा मृत्युदर प्रत्यक्षाहून कमीच असणार, हे समिती जाणून होती. खरी दरी तक्त्यात दिसते त्याहून रुंद होती.

१०/ नोंदीतील दोष उलट्या दिशेनेही जाऊ शकतो. १९२१ साली मुंबई शहराचा नोंदलेला अर्भकमृत्युदर हजारी सहाशेंहून अधिक होता. गिरणगावातील एका खोलीच्या बिऱ्हाडांची स्थिती भीषण होती यात शंका नाही. परंतु कोकणातून व घाटावरून आलेल्या कामगारांच्या बायका बाळंतपणाला माहेरी जात. मुलाचा जन्म गावाकडे नोंदला जाई किंवा मुळीच नोंदला जात नसे. पुढे ते मूल मुंबईत दगावले, तर मृत्यू मात्र मुंबईच्या खात्यावर पडे. छेद लहान, अंश मोठा, आणि दर आभाळाला भिडलेला.

११/ तक्त्याच्या दुसऱ्या टोकाकडेही असेच बारकाईने पाहिले पाहिजे. न्यूझीलंडचा ३१ हा आकडा जगात आदर्श मानला जाई. मात्र त्या काळी त्या देशाचे हे दर माओरी समाजाला वगळून दिले जात. माओरी बालकांचा मृत्युदर त्याहून कितीतरी अधिक होता आणि त्याची नोंद वेगळी ठेवली जाई. दक्षिण आफ्रिकेचे आंतरराष्ट्रीय तक्त्यांतील आकडे गोऱ्या रहिवाशांपुरते असत. म्हणजे हिंदुस्थानातील सर्व मुलांची तुलना तेथील निवडक मुलांशी होत होती.

१२/ म्हणून या तक्त्यातील सर्वांत बोलकी तुलना न्यूझीलंडशी नव्हतीच. ती शेजारच्या सिलोनशी होती. १६२ आणि १५८. मातामृत्यूंचेही तेच : १९३० च्या दशकात सिलोनमध्येही हजार जन्मांमागे सुमारे वीस माता दगावत. दोन्ही देश उष्ण कटिबंधातले, दोन्ही ब्रिटिशांच्या ताब्यातले, दोन्ही हिवतापाने गांजलेले. दोघांची सुरुवात जवळजवळ एकाच रेषेवरून झाली. पुढे काय घडले?

१३/ सिलोनमध्ये १९३१ साली सर्व प्रौढांना, स्त्रियांनाही, मताधिकार मिळाला. हिंदुस्थानात तो दोन दशकांनंतर आला. मताला किंमत आली तशी आरोग्य ही निवडणुकीतील मागणी झाली. १९३४-३५ मध्ये हिवतापाच्या साथीने त्या छोट्या बेटावर सुमारे ८०,००० बळी घेतले. या आघातानंतर ग्रामीण भागात दवाखाने उघडण्याचा जो रेटा आला, तो निवडून आलेल्या प्रतिनिधींना टाळता येण्यासारखा नव्हता.

१४/ त्याआधीच, १९२६ साली, कळुतर येथे पहिले आरोग्य केंद्र उभे राहिले होते. ठरावीक हद्द, तेथील प्रत्येक घराची माहिती, आणि घरोघरी जाणारी प्रशिक्षित सुईण, अशी त्याची घडण होती. सुईण गरोदर बाईची नोंद ठेवी, बाळंतपण करी आणि धोका दिसताच तिला रुग्णालयात धाडी. ही घडण हळूहळू बेटभर पसरली. १९५० च्या सुमारास लाख जन्मांमागील मातामृत्यू २,००० वरून सुमारे ५०० वर आले. ते यश महागड्या यंत्रसामग्रीचे नव्हते.

१५/ दुसरा धागा शाळेचा. १९४५ पासून सिलोनमध्ये शिक्षण मोफत झाले. १९४६ च्या जनगणनेत तेथील स्त्रियांची साक्षरता शेकडा ४४ च्या आसपास होती. भारताच्या १९५१ च्या जनगणनेत ती शेकडा ९ सुद्धा भरली नाही. मुलाला जुलाब होताच काय करायचे, दवाखान्यात केव्हा न्यायचे, हे घरात ठरवणाऱ्या बाईच्या शिक्षणाचा बालमृत्यूंशी किती निकटचा संबंध असतो, हे पुढे अनेक देशांत वारंवार दिसून आले.

१६/ तिसरे कारण डीडीटी. १९४६ ते १९४७ या एका वर्षात सिलोनचा मृत्युदर हजारी सुमारे २० वरून १४ वर उतरला. अर्भकमृत्युदर १४१ वरून १०१ वर आला. याचे सारे श्रेय फवारणीला द्यावे का, यावर अभ्यासकांत दीर्घ वाद झाला, कारण हिवताप फारसा नसलेल्या भागांतही मृत्यू घटले होते. दवाखाने, सुईणी आणि युद्धकाळात सुरू झालेले स्वस्त तांदळाचे वाटप यांचाही त्यात वाटा होता.

१७/ इकडे भोर समितीने काय सुचवले होते? पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व. अल्पकालीन योजनेत दर ४०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि दोन डॉक्टर. दीर्घकालीन योजनेत १०,००० ते २०,००० लोकांमागे ७५ खाटांचे रुग्णालय. प्रत्यक्षात १९५२ पासून सामुदायिक विकास योजनेबरोबर जी केंद्रे निघाली, ती साधारण एका विकासगटाला, म्हणजे ६०,००० ते एक लाख लोकांना, एक अशी होती.

१८/ पैसा आणि माणसे पुढे हिवताप, देवी, कुटुंबनियोजन अशा एकेका मोहिमेकडे वळली. त्या मोहिमा निष्फळ नव्हत्या. १९७५ मध्ये देवीचा रोग देशातून हद्दपार झाला, ही थोर कामगिरी होय. परंतु मोहीम येते आणि जाते. मध्यरात्री अडलेल्या बाळंतिणीला गावात कायम राहणारे कोणीतरी हवे असते. भोर अहवालाचा गाभा नेमका तोच होता, आणि तोच कागदावर राहिला.

१९/ फरक आकड्यांत उतरला. १९७१ मध्ये श्रीलंकेचा अर्भकमृत्युदर हजारी ४५ च्या आसपास होता. त्याच वर्षी भारताचा, नमुना नोंदणी पद्धतीनुसार, १२९ होता. भारत ४४ वर पोहोचला तो २०११ साली. एकाच रेषेवरून निघालेल्या दोन शेजाऱ्यांत चाळीस वर्षांचे अंतर पडले.

२०/ यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : बेट लहान, भारत खंडप्राय. आक्षेप अगदीच पोकळ नाही. १९४६ मध्ये सिलोनची लोकसंख्या ७० लाखांच्याही आत होती, आणि रस्ते बरे असल्याने दवाखाना जवळ होता. शिवाय तेथील सरासरीही काही लपवत होती. चहाच्या मळ्यांतील तमिळ मजुरांच्या वस्त्यांत बालमृत्यू दीर्घकाळ अधिक राहिले, आणि १९४८ च्या कायद्याने त्यांतील बहुसंख्यांचे नागरिकत्वच गेले. ज्यांचे मत गेले, त्यांची मागणीही मागे पडली.

२१/ परंतु आकाराचा आक्षेप भारताच्या आतच अडखळतो. केरळची लोकसंख्या श्रीलंकेहून अधिक आहे. १९८५ मध्ये इटलीतील बेलाजिओ येथे कमी खर्चात उत्तम आरोग्य साधणाऱ्या प्रदेशांवर परिषद झाली. चीन, कोस्टारिका आणि श्रीलंका या देशांच्या पंक्तीत चौथे नाव केरळ या राज्याचे होते. योगायोग असा की जोसेफ भोर १९१४ ते १९१९ या काळात कोचीन संस्थानचे दिवाण होते. ते संस्थान आज केरळातच आहे.

२२/ २०१८-२० च्या अधिकृत आकड्यांनुसार लाख जन्मांमागील मातामृत्यू भारतात ९७, केरळात १९, महाराष्ट्रात ३३ आणि आसामात १९५. महाराष्ट्राचा आकडा त्या वेळी श्रीलंकेच्या आसपास होता. मात्र ३३ हीसुद्धा सरासरीच. मेळघाट, नंदुरबार आणि गडचिरोली येथील पाड्यांची पुण्या-मुंबईशी बेरीज करूनच ती निघते.

२३/ १८६३ मध्ये तुलना गोऱ्या सैनिकाची झाली आणि सैनिक वाचला. १९३७ च्या आकड्यांत माओरी मूल मोजले गेले नाही आणि न्यूझीलंड आदर्श ठरला. मळ्यातील मजूर मतदारयादीतून गळला आणि मागे राहिला. देशादेशांचे तक्ते यापुढेही येत राहतील, क्रमांक वरखाली होत राहतील. तक्ता समोर आला की आपला देश कितवा, हे पाहण्याआधी त्यात कोण मोजले गेले आणि कोण गळाले, हे पाहावे. १६२ आणि १५८ या दोन आकड्यांमधले अंतर अवघे चारचे होते. पुढच्या चाळीस वर्षांत ते किती आयांना पडले, याची नोंद कोणत्याच रकान्यात नाही.