स्कँडिनेव्हियन सिनेमा : लहान भाषांची मोठी ओळख

स्कँडिनेव्हिया म्हणजे डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे हे युरोपच्या उत्तरेकडील तीन देश. फिनलंड आणि आइसलँड धरून या सगळ्यांना 'नॉर्डिक देश' म्हणतात. तिन्ही देशांची लोकसंख्या मिळून सुमारे सव्वादोन कोटी. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींहून अधिक होते, त्यावरून या भाषांचा आकार ध्यानात येईल. तरीही या देशांच्या सिनेमाने जगात नाव मिळवले. या सिनेमाने तिथल्या समाजाला स्वतःची कोणती ओळख दिली, आणि त्या ओळखीतून कोण बाहेर राहिले, हे आपण या लेखात पाहू.

मूकपटांचा काळ

डेन्मार्कमधील 'नॉर्डिस्क फिल्म' ही कंपनी ओले ओल्सेन यांनी १९०६ मध्ये स्थापन केली. ती आजही सुरू आहे. मूकपटात संवाद पाट्यांवर लिहिलेले असत. पाट्या बदलल्या की चित्रपट कोणत्याही देशात चाले, त्यामुळे डॅनिश चित्रपट युरोपभर पोहोचले.

स्वीडनने आपल्या साहित्याचा आणि निसर्गाचा आधार घेतला. व्हिक्टर शेस्ट्रम यांनी १९१७ मध्ये 'टेर्ये व्हीगेन' हा चित्रपट नॉर्वेच्या हेन्रिक इब्सेन यांच्या कवितेवरून केला. इब्सेन हे नाव मराठी नाट्यरसिकांना नवे नाही. शेस्ट्रम यांचा १९२१ चा 'क्योरकार्लेन' आणि मॉरिट्झ स्टिलर यांचा १९२४ चा 'गोस्टा बेर्लिंग' हे दोन्ही चित्रपट नोबेल विजेत्या लेखिका सेल्मा लागरलोफ यांच्या साहित्यावर आधारलेले होते. समुद्र, बर्फ आणि रानवाटा हे केवळ देखावे राहिले नाहीत, ते कथेतली पात्रेच झाले.

बोलपट आल्यावर मात्र भाषेची भिंत उभी राहिली. डॅनिश बोलपटाचा प्रेक्षक मुख्यतः डेन्मार्कपुरताच उरला. एवढ्याशा प्रेक्षकवर्गावर सिनेमा जगवायचा कसा, हा प्रश्न तेव्हापासून आजवर कायम आहे.

तिकिटातून उभा राहिलेला निधी

नॉर्वेत १९१३ च्या कायद्याने चित्रपटगृहांचे परवाने देण्याचा अधिकार नगरपालिकांकडे आला, आणि पुढे अनेक गावांत नगरपालिकेचीच चित्रपटगृहे उभी राहिली. स्वीडनमध्ये दूरचित्रवाणी आल्यावर प्रेक्षक घटले, तेव्हा १९६३ मध्ये करमणूक कर रद्द झाला. त्याऐवजी तिकिटाच्या रकमेतील १० टक्के नव्या स्वीडिश फिल्म इन्स्टिट्यूटकडे जाऊ लागले. म्हणजे परदेशी चित्रपटाच्या तिकिटातूनही स्वीडिश चित्रपटाला बळ मिळे. २०१७ पासून हा निधी थेट सरकार देते. डेन्मार्कने सरकारी मदतीचा चौथा हिस्सा मुलांच्या आणि किशोरांच्या चित्रपटांसाठी राखून ठेवला. उद्याचा प्रेक्षक आज घडवावा लागतो, हा त्यामागचा विचार.

इंगमार बर्गमन यांचे 'द सेव्हन्थ सील' आणि 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज' (दोन्ही १९५७) जगभर गाजले. पण घराघरांतली ओळख गंभीर चित्रपटांतूनच घडते असे नाही. नॉर्वेतील ईवो काप्रिनो यांचा 'फ्लोक्लीपा ग्रांप्री' हा १९७५ चा बाहुल्यांचा चित्रपट. सायकल दुरुस्त करणारा एक साधा गावकरी शर्यतीची मोटार बनवतो, एवढीच गोष्ट. देशाची लोकसंख्या तेव्हा सुमारे ४० लाख होती आणि या चित्रपटाची तिकिटे आजवर ५० लाखांहून अधिक खपली आहेत.

देश सोडून गेलेल्यांची कथा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दहा लाखांहून अधिक स्वीडिश लोक अमेरिकेत गेले. विल्हेल्म मोबेर्ग यांनी त्यांच्यावर कादंबरीमाला लिहिली. तिच्यावरून यान ट्रोएल यांनी 'द एमिग्रंट्स' (१९७१) आणि 'द न्यू लँड' (१९७२) हे चित्रपट केले. कार्ल ऑस्कर आणि क्रिस्टीना हे शेतकरी जोडपे खडकाळ जमीन सोडून मिनेसोटात जाते. शेवटी कार्ल ऑस्कर वारल्याचे पत्र मायदेशी जाते, पण ते शेजारी लिहितो, कारण मुलांना स्वीडिश लिहिता येत नाही. जमीन मिळाली, घर झाले, आणि एका पिढीत भाषा गेली. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

सामी लोकांचा आवाज

नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाच्या उत्तर भागात सामी हे मूळ रहिवासी राहतात. रेनडिअर पाळणे हा त्यांच्यातील अनेकांचा परंपरागत व्यवसाय. बराच काळ पडद्यावर ते दिसले, पण दुसऱ्यांच्या नजरेतून. १९८७ मध्ये निल्स गौप या सामी दिग्दर्शकाने 'ओफेलाश', म्हणजे वाटाड्या, हा सामी भाषेतील पहिला पूर्ण लांबीचा कथापट केला. लोककथेवर बेतलेल्या या चित्रपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले.

आमांडा केर्नेल यांचा 'सामी ब्लड' (२०१६) १९३० च्या दशकातील स्वीडनमध्ये घडतो. निवासी शाळेत मुलांना मातृभाषा बोलू देत नाहीत आणि वंशशास्त्राच्या नावाखाली त्यांच्या डोक्याची मापे घेतली जातात. त्या अपमानाने एले-मार्या नाव बदलते आणि घर सोडते. आपली भाषा जपणारा देशही आपल्याच सीमेतील लहान भाषेशी असा वागू शकतो, हे या चित्रपटाने स्वीडिश प्रेक्षकांसमोर ठेवले. यात बोलली जाणारी दक्षिण सामी भाषा आज मोजकेच लोक बोलतात.

पुढे २०१९ मध्ये डिस्नेने 'फ्रोझन २' सामी प्रतिनिधींशी करार करून बनवला आणि तो उत्तर सामी भाषेतही आणला. सामी मुलांना एवढा मोठा चित्रपट आपल्या भाषेत पाहता आला.

सभासदांसाठी

मुलांबरोबर पाहण्यास 'फ्लोक्लीपा ग्रांप्री' उत्तम. 'सामी ब्लड'मध्ये काही कठोर प्रसंग आहेत, म्हणून तो मोठ्या मुलांसाठी. 'द एमिग्रंट्स' तीन तासांहून मोठा असल्याने दोन बैठकांत पाहावा आणि मग 'द न्यू लँड'कडे वळावे. या देशांत परदेशी चित्रपट मूळ आवाजातच, खाली उपशीर्षके देऊन दाखवतात; लहान मुलांच्या चित्रपटांचे तेवढे डबिंग होते. आपणही हे चित्रपट मूळ भाषेतच ऐकावेत असे आम्ही सुचवतो. आणि आजी-आजोबा सोबत असतील, तर उपशीर्षके वाचून मराठीत सांगण्याचे काम घरातील मुलांवर सोपवावे.