डॉली : ‘द ग्लास पॅलेस’ची नायिका

अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ (२०००) या इंग्रजी कादंबरीतील प्रमुख स्त्रीपात्र. ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याच्या राजकन्यांची ही अनाथ दासी. इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडाले जिंकले, राजकुटुंबाला आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवले. त्यांच्यासोबत डॉलीही येते आणि कोकणातच वयात येते. घरचा गाडीवान सावंत याच्याशी तिचे प्रेमसंबंध जुळतात. पुढे त्याच्यापासूनच थोरल्या राजकन्येला दिवस जातात. ज्या राजकन्यांना सांभाळले, त्यांच्यातल्याच एकीच्या सुखाआड आपले सुख यावे, हा पेच घोष यांनी फार हळुवारपणे हाताळला आहे. मंडालेच्या लुटीत तिला पाहणारा राजकुमार नावाचा मुलगा अनेक वर्षांनी तिला शोधत रत्नागिरीत येतो, तेव्हा ती त्याला आधी नकारच देते. बंदिवासाचेच घर झालेल्या मुलीला सुटकेची भीती वाटणे अगदी खरे वाटते. कलेक्टरची पत्नी उमा ही मैत्रीण तिच्या पाठीशी असते. अखेर डॉली राजकुमारशी लग्न करून ब्रह्मदेशी जाते.

डॉली काल्पनिक असली, तरी राजकन्येच्या कथेला इतिहासाचा आधार आहे. थोरली राजकन्या म्यात फया जी हिचे दरवान गोपाळ सावंत याच्याशी संबंध होते. तो विवाहित होता. १९०६ मध्ये त्यांना मुलगी झाली. थिबा १९१६ मध्ये वारला, कुटुंब १९१९ मध्ये मायदेशी परतले. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली आणि १९४७ मध्ये इथेच वारली.