ख्रिस्ती गीतप्रकार, अर्वाचीन (गोमंतक)

ख्रिस्ती उपासनेत, तिच्या लगतच्या घरगुती व सामुदायिक प्रार्थनेत आणि त्यांच्याही बाहेर रंगभूमी, आकाशवाणी व ध्वनिमुद्रिका यांच्या द्वारे प्रसृत झालेल्या, ज्यांचा विषय श्रद्धेचा परंतु चाल लोकांच्या तोंडी सहज बसणारी आहे अशा गीतांचा समुच्चय. पाश्चात्त्य देशांत या सदराखाली मुख्यतः १९६० नंतरचे, गिटार व तालवाद्ये यांवर आधारलेले संगीत गणले जाते. गोमंतकात मात्र नवे म्हणून जे आले, ते एका जुन्या व सुव्यवस्थित गायनपरंपरेच्या अंगावर येऊन बसले. तेव्हा त्या परंपरेचा परामर्श घेतल्यावाचून येथील उपप्रकारांचे वर्गीकरण करू जाणे म्हणजे मूळ सोडून केवळ पालवी मोजणे होईल.

पूर्वपीठिका : गोमंतकात पॅरिशच्या शाळा १५४५ च्या सुमारास सुरू झाल्या व त्यांतून धर्मशिक्षणाबरोबरच स्वरलिपी, समूहगायन आणि व्हायोलिन यांचे शिक्षण गावोगावच्या मुलांना मिळू लागले. या शाळांचा मेस्त हा एकाच वेळी गायनशिक्षक, वाद्यवृंदाचा प्रमुख आणि प्रसंगी गीतकारही असे. पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाद्यवृंदरचना करणारे सेबॅस्टियन डिसोझा अथवा संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे जे गोमंतकीय वादक प्रसिद्धीस आले, त्यांच्या स्वरज्ञानाचा पाया याच परंपरेत सापडतो. दुसरीकडे, १५७९ मध्ये गोव्यात आलेले जेझुइट धर्मोपदेशक थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीछंदात रचलेले क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले आणि १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ रोमी लिपीत छापला गेला असला तरी त्याची देवनागरी हस्तलिखित प्रत लंडन येथील मार्सडेन संग्रहात आहे, व ती उजेडात आणण्याचे श्रेय मराठी संतवाङ्मयाचे भाषांतरकार जस्टिन ॲबट यांच्याकडे जाते. क्रिस्तपुराण हे केवळ वाचण्याचे पुस्तक नव्हते; सणावारी व उपासकाळात ते देवळांतून गायिले जाई, आणि ही प्रथा काही ठिकाणी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकापर्यंत टिकून होती असे सांगतात. अर्थात ज्यास आज ‘देशी चालीचे ख्रिस्ती भजन’ म्हणून नूतन प्रयोगाचा मान दिला जातो, त्याचा पहिला आणि सर्वांत भव्य दाखला गोमंतकात साडेतीनशे वर्षे आधी छापून झालेला होता. १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर यांच्या फर्मानाने देशी भाषेच्या वापरावर बंदी आली, आणि १७३६ च्या इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्याने विवाहप्रसंगीच्या देशी गाण्या-वाजवण्यावर निर्बंध घातले. या हुकमांची अंमलबजावणी कोठे किती कडकपणे झाली याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ओवी बहुतांश देवळांतून मागे हटली व लग्नघरात, रोस या लग्नपूर्व विधीत आणि गावड्यांच्या जोतीगीतांत तग धरून राहिली, एवढे मात्र निर्विवाद आहे.

मोतेत व लादीन : गोमंतकीय ख्रिस्ती गीताचे जे अत्यंत परिणत रूप, ते मोतेत होय. उपासकाळात ख्रिस्ताच्या यातनांच्या मूर्ती मिरवणुकीने नेताना टप्प्याटप्प्यावर थांबून गायिली जाणारी ही रचना सामान्यतः दोन किंवा तीन स्वरांत बांधलेली असते. व्हायोलिने, क्लॅरिनेट आणि खालच्या सुराचे रबेकांव तिला साथ करतात. आणि संथ, लांबवलेल्या स्वरवाक्यांतून तिची शोकरसाची घडण साधते. लॅटिन व पोर्तुगीज यांबरोबरच कोंकणीतही मोतेते रचली गेली. पाद्री जोआकिं द मिरांद यांचे ‘रिगलो जेजू मळ्यांतु’ हे त्यांपैकी सर्वांत ख्यातनाम. या रचनांत पाश्चात्त्य स्वरसंवादाचे व्याकरण पाळले गेले असूनही स्वर खालून वर ओढत नेण्याची व शब्दाच्या अंत्याक्षरावर विसावण्याची लकब सर्वस्वी येथली आहे. सेंट झेवियरच्या स्तुतिपर, रायमुंदो बार्रेतो यांनी चाल दिलेले कोंकणी स्तोत्र हे या शैलीचे अधिक सुबोध, सर्वांना एकत्र गाता येण्याजोगे अपत्य मानता येईल. लादीन ही गृहस्थाची उपासना. घरातील ओटारीपुढे (वेदीपुढे) अथवा वाड्यावरील खुरसाजवळ शेजारीपाजारी जमतात, पहिला व दुसरा असे दोन आवाज लॅटिन नामावळी गातात, एक व्हायोलिन त्यांना धरून चालते, मधूनमधून कोंकणी स्तोत्रे होतात आणि शेवटी उकडलेल्या चण्यांचे वाटप होते. लॅटिन भाषा न शिकलेली माणसे केवळ कानावर झालेल्या संस्कारांच्या बळावर हे दुपदरी गायन बिनचूक करीत आली आहेत, आणि संगीताच्या दृष्टीने ही गोष्ट कोणत्याही विद्यालयीन पदवीहून कमी मोलाची नाही. मांडो, दुलपद व देखणी हे प्रकार श्रद्धाविषयक नसल्यामुळे येथे विचारात घेतलेले नाहीत. तथापि मांडोची लय आणि मोतेताची लय यांचे नाते उघड आहे. या साऱ्या गीतधनाचा सर्वांत विस्तृत संग्रह ओर्ली येथील संगीतज्ञ मिकाएल मार्तिन्स यांनी १९३३ पासून पुढे केला आणि जुझे परेरा यांच्या सहकार्याने त्याचे वर्गीकरण झाले. गोमंतकीय गीताचे जे तीस-पस्तीस प्रकार आज सांगितले जातात, त्यांचा आधार मुख्यतः हाच उद्योग आहे. तो सासष्टीत केंद्रित असल्यामुळे त्यातील निष्कर्ष नव्या काबिजादींस (पेडणे, डिचोली इत्यादी उशिरा जिंकलेल्या मुलखास) लावताना सावधगिरी बाळगणे अवश्य आहे.

व्हॅटिकन परिषद व तदनंतर : १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी काढलेल्या आज्ञापत्राने नाटकी ढंगाचे संगीत उपासनेतून वर्ज्य ठरविले व पियानो, ढोल, झांजा यांसारखी वाद्ये देवळाबाहेर काढली. याच्या नेमके उलट, द्वितीय व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये संमत केलेल्या उपासनाविषयक घटनेत ज्या देशांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तेथे तिला उपासनेत योग्य स्थान द्यावे असा स्पष्ट निर्देश आला व लोकभाषेस मुभा मिळाली. गोवा १९६१ मध्ये मुक्त झालेला असल्यामुळे राजकीय व उपासनाविषयक हे दोन्ही बदल तेथे जवळजवळ एकाच वेळी पोहोचले. लॅटिन मिस्साच्या जागी कोंकणी मिस्सा आली, आणि तिच्यासाठी शेकडो नवी गीते अल्पावधीत सिद्ध करावी लागली. या कार्यात जेझुइट पाद्री वास्को द रेगो यांचे कर्तृत्व सर्वोपरी मानले पाहिजे. या नव्या गीतांचा ‘गायनांचो झेलो’ हा स्तोत्रसंग्रह आज गोमंतकातील बहुतेक प्रत्येक गायनमंडळाच्या हाती असतो, आणि त्यातील गीतांची साधी, चारचौघांस झेपणारी स्वररचना हीच गोमंतकीय अर्वाचीन ख्रिस्ती गीताची प्रमाण शैली होय असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख पाद्री लूर्दिनो बार्रेतो यांनी भारतीय रागसंगीत व ख्रिस्ती उपासनासंगीत यांच्या संयोगाचा शास्त्रीय विचार केला. त्यांच्या पूर्वी मायेस्त्रो आंतोनियु द फिगेरेदु यांनी १९५२ मध्ये पणजीत स्थापिलेल्या संगीतशाळेने अभ्यासू गायकांची पिढी घडविली होती. देशी चालींच्या बाबतीत मुंबईच्या अंधेरीतील ग्यान आश्रमाचे पाद्री जॉर्ज प्रोक्श यांनी रचलेल्या हिंदी भजनांचा मार्ग अखिल भारतात अनुसरला गेला. गोमंतकात त्याचा प्रभाव मर्यादित राहिला, कारण तेथील श्रोत्याचा कान स्वरसंवादावर पोसलेला होता.

पाश्चात्त्य उपप्रकार : अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९६० च्या दशकाच्या अखेरीस तरुणांच्या धर्मजागृतीबरोबर गिटारवरील साधी भक्तिगीते पुढे आली. लॅरी नॉर्मन यांची ‘अपॉन धिस रॉक’ ही १९६९ ची ध्वनिमुद्रिका ख्रिस्ती रॉकचा आरंभ म्हणून सामान्यतः सांगितली जाते. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या मारानाथा म्युझिक या संस्थेने सामुदायिक गायनाची स्तुतिगीते प्रसारित केली. १९८० च्या दशकात स्ट्रायपरसारख्यांनी मेटल ही शैलीही धर्मप्रचारात आणली. आणि पुढे ऑस्ट्रेलियातील हिलसाँगच्या गीतांनी जगभर एकच घाट रूढ केला. कृष्णवर्णीयांच्या गॉस्पेल गायनाचा वंश याहून पुरातन व स्वतंत्र असून त्याचा विचार अन्यत्र करणे उचित होय. फ्रान्समधील तेझे येथील, ज्याक बेर्तिए यांनी रचलेली पुनरावृत्तिप्रधान प्रार्थनागीते हा यांहून निराळा, मौनाकडे झुकणारा प्रकार. ख्रिस्ती रॅप व इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत हेही उपप्रकार आहेत.

स्तुती-आराधना : कॅथलिक कॅरिझमॅटिक चळवळ अमेरिकेत १९६७ मध्ये उदय पावून १९७२ च्या सुमारास मुंबईत पोहोचली व तेथून गोमंतकात आली, केरळमधील पोट्टा येथील रिट्रीटांनीही तिला बळ दिले. या मेळाव्यांतून गायिल्या जाणाऱ्या गीतांचे लक्षण असे : लहान ध्रुवपद, त्याची वारंवार आवृत्ती, देवाशी प्रत्यक्ष एकवचनी संवाद, तीन-चार कॉर्डांत भागणारी स्वररचना आणि कीबोर्ड, गिटार, ड्रम यांची साथ. इंग्रजी मूळ चालीवर कोंकणी शब्द बसविण्याची प्रथा येथे रूढ झाली. कोंकणीतील अनुनासिके व दीर्घ अंत्यस्वर या चालींच्या तुटक लयीत गुदमरतात हा दोष गंभीर आहे. परंतु ज्यांना मोतेताचे स्वर गाठता येत नाहीत अशा शेकडो माणसांच्या गळ्यातून एकाच वेळी प्रार्थना निघते हा या शैलीचा गुणही तितकाच खरा आहे. कॅथलिक चर्चच्या बाहेरील प्रार्थनासभांतूनही हेच संगीत ऐकू येते; या सभांसंबंधी गोमंतकात वाद आहेत, व त्यांचे विवेचन या नोंदीच्या कक्षेत येत नाही.

तियात्र व कांतार : लुकासिन्य रिबेरो यांचे पहिले तियात्र (कोंकणी संगीतनाट्य) १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाले. त्यातून वाढलेल्या कांतारांत, म्हणजे तियात्रातील गीतांत, श्रद्धाविषयक गीतांचा एक वर्ग आहे.

पेडणे व डिचोली : डिचोली महाल १७८१-८२ च्या सुमारास व पेडणे १७८८ मध्ये, म्हणजे धर्मांतराचा जोर ओसरल्यानंतर, सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीज अमलाखाली आला. हा मुलूख घेताना तेथील रहिवाशांचे धर्माचार जपण्याचे अभिवचन दिले गेले, आणि त्यामुळे या दोन्ही तालुक्यांत देवळे, भजनी सप्ताह, दशावतार व मराठी पोथीवाचन अखंड चालू राहिले. ख्रिस्ती वस्ती अल्प व बहुतांशी किनाऱ्यालगतची. हरमलचे कार्मेल मातेचे चर्च, पेडणे गावातील सेंट जोसेफचे, डिचोलीचे कृपामातेचे आणि तेरेखोलच्या किल्ल्यातील सेंट अँथनीचे देवालय ही येथील प्रमुख केंद्रे होत. पॅरिश-शाळांच्या संगीतशिक्षणाची जी अडीचशे वर्षांची पुंजी बार्देश, तिसवाडी व सासष्टी यांना लाभली, ती या भागास आयती मिळाली नाही. मेस्त व वाजंत्री पुष्कळदा शापोऱ्याच्या तरीने पलीकडच्या बार्देशातून यावयाचे. उलटपक्षी, येथील ख्रिस्ती माणूस ज्या शेजाराच्या सहवासात वाढला त्याच्या कानावर एकादशीचा अभंग व गणेशचतुर्थीची घुमट-आरती हीच गीते बालपणापासून पडत आली. मराठी प्राथमिक शाळेत देवनागरी शिकलेल्या मुलाच्या हाती चर्चमध्ये रोमी लिपीतील स्तोत्रसंग्रह येतो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीस मान्यता दिली व मराठीच्या वापरासही वाव ठेवला, परंतु उपासनेची लिपी रोमीच राहिली. लिपीचा हा प्रश्न वादग्रस्त आहे. प्रस्तुत विषयापुरते इतके म्हणणे पुरे की, उत्तर गोमंतकातील ख्रिस्ती गीतास मराठी भजनाचा जो नैसर्गिक आधार मिळू शकला असता, त्याचा उपयोग गोमंतकाच्या सीमेपलीकडे अधिक झाला. तेरेखोलच्या उत्तरेस २००५ मध्ये स्थापन झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात मराठी उपासना चालते, वसईत तर मराठी मिस्सा व मराठी स्तोत्रे हीच प्रमाण आहेत. आणि या सर्व मराठी गीतांच्या मुळाशी रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची पदे उभी आहेत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी अभंग, ओवी व पद यांच्या चालींत रचलेली भजने प्रॉटेस्टंट पंथाच्या ‘उपासना संगीता’त मोठ्या संख्येने समाविष्ट झाली, आणि पेटी, तबला व टाळ यांवर गायिले जाणारे ख्रिस्ती कीर्तन-भजन ही महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाची स्वतःची शैली ठरली. पंथभेद बाजूस ठेवून पाहिले तर स्टीफन्स यांची ओवी आणि टिळकांचा अभंग यांची सांगड घालण्यास पेडणे-डिचोलीइतकी अनुकूल भूमी दुसरी नाही. आणि हे कार्य एखाद्या जाणत्या गायनमंडळाने मनावर घ्यावे अशी या विषयाच्या अभ्यासकाची उत्कट इच्छा असल्यास ती अनाठायी म्हणता येणार नाही.

वाद्ये : घुमट हे मातीचे, दोन्ही बाजूंनी उघडे, एका तोंडास चामडे ताणलेले वाद्य हिंदू आरतीत व ख्रिस्ती सांजाव (सेंट जॉनचा सण), मांडो आणि लग्नगीतांत सारखेच वाजते. डिचोलीचे कुंभार मातीच्या भांड्यांसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध असून घुमटाचे घट घडविण्याचे कसबही त्यांच्याकडे आहे. ख्रिस्ती गीताच्या इतिहासात या तालुक्याचा सर्वांत प्रत्यक्ष वाटा हाच होय. परिषदेनंतर काही चर्चांतून मिस्सामध्ये देशी गीतांना घुमट व कासाळे यांची साथ घेण्यात येऊ लागली, ज्या साथीस १९०३ च्या आज्ञापत्रानुसार प्रवेशच नव्हता. घुमटास पूर्वी घोरपडीचे कातडे लावीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्यास मनाई झाली व बकऱ्याचे कातडे वापरात आले. २०१९ मध्ये गोवा शासनाने घुमटास राज्याच्या वारसावाद्याचा दर्जा दिला. बकऱ्याच्या कातड्याने नाद किंचित बोदा होतो आणि पावसाळ्यात ते लवकर सैल पडते, अशी वादकांची तक्रार आहे. म्हणून सांजावाच्या दिवसांत, ऐन जूनमध्ये, वाद्य वाजविण्यापूर्वी ते विस्तवाजवळ धरून तापविण्याची जुनी रीत अद्यापि पाळावी लागते.