नाविकांचा संप कीं बंड ?

कौटिलीय अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणांत सैन्याच्या व्यसनांची गणना आहे. तींत अमानित, विमानित व अभृत हे शब्द लागोपाठ येतात : ज्याचा मान राखला नाहीं तें, ज्याचा अपमान केला तें, आणि ज्याला वेतन मिळालें नाहीं तें सैन्य. अभृत सैन्य वेतन हातीं पडतांच लढतें. विमानित मात्र पोटांत कोप असल्यामुळें लढत नाहीं, असा तेथें निर्णय आहे. मुंबईच्या नाविक-प्रकरणास हा निकष लावून पाहण्यासारखा आहे.

ता. १८ फेब्रुवारी १९४६ रोजीं कुलाब्याच्या ‘तलवार’ या संदेशविद्येच्या नाविक शाळेंत खलाशांनीं निकृष्ट अन्न नाकारून काम बंद केलें. दुसऱ्या दिवशीं मध्यवर्ती संप-समिति निवडली गेली, एम. एस. खान अध्यक्ष, मदनसिंग उपाध्यक्ष. चांगलें अन्न व ब्रिटिश नौदलाइतकें वेतन ही अभृताची मागणी. शिवीगाळ करणाऱ्या कमांडर किंगवर कारवाई व्हावी ही विमानिताची. परंतु त्याच यादींत आझाद हिंद फौजेच्या बंदिवानांची सुटका व इंडोनेशियांतून हिंदी पलटणी परत आणणें हींही कलमें होतीं. हीं अर्थशास्त्राच्या कोणत्याच सदरांत बसत नाहींत !

सरकारनें यास बंड म्हटलें, खलाशांनीं संप. दोन्ही नांवें अपुरीं. ता. २१ रोजीं कॅसल बॅरॅक्सपाशीं गोळीबार झाल्यावर तो नुसता संप उरला नाहीं. आणि अध्यक्ष निवडून, मागण्या लेखी देऊन, वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्यावरून ता. २३ ला माघार घेणाऱ्यांस निव्वळ बंडखोर म्हणवत नाहीं. शहरांतील दंगलींत मात्र २०० हून अधिक माणसें मेलीं.

पुढें घटनेच्या ३३ व्या कलमानें सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेस मिळाला, व १९५७ च्या नौदल कायद्यानें सरकारच्या परवानगीवांचून कामगार-संघांत शिरण्यास मनाई झाली. संघ आला कीं संप आलाच, हें त्यामागील गृहीत दिसतें. तें सर्वत्र खरें नाहीं. जर्मनींत १९५६ पासून सैनिकांचा संघ आहे, पण तेथें सैनिकांस संपाचा हक्क नाहीं. संपाची मनाई मला योग्य वाटते. संघाच्या मनाईस ‘तलवार’चा दाखला मात्र देऊं नये. तेथें संघ अगोदर नव्हता. संपापूर्वीं कांहीं खलाशांनीं किंगविरुद्ध एकेकट्यानें रीतसर तक्रारी केल्या होत्या, आणि त्या तक्रारी फिरून किंगपुढेंच आल्या.