पिल्लू दिसते, आई दिसत नाही



दिवाळीच्या सुट्टीत नातवाने हट्ट धरला, "आजी, मला कुत्र्याचं पिल्लू घेऊन दे." सूनबाईंचीही ना नव्हती, म्हणून आम्ही तिघे एका दुकानात गेलो. काचेच्या पेटीत पाच-सहा पिल्ले एकमेकांच्या अंगावर झोपली होती. मी सहज विचारले, "यांची आई कुठे आहे?" दुकानदार हसला. "काकू, आई कोण बघतं? माल बाहेरून येतो."

बी.कॉम.च्या वह्यांत 'माल' हा शब्द मी किती वेळा लिहिला असेल! पण जिवंत जिवासाठी तो ऐकला आणि अंगावर काटा आला. आम्ही तसेच परत आलो. नातू दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याला नीट कारण सांगता यावे म्हणून मी वाचायला बसले, आणि गोष्ट थेट १८३२ पर्यंत मागे गेली.

त्या वर्षी मुंबईत कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारायचा हुकूम काढला होता. एका कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. पैशाच्या लोभाने शिपाई लोकांच्या दारातली कुत्रीसुद्धा नेऊ लागले. पारशी धर्मात कुत्र्याला फार मान आहे, त्यामुळे जूनमध्ये पारशी बांधव रस्त्यावर उतरले. हिंदू आणि आपले जैन व्यापारीही त्यांना सामील झाले, बाजार बंद राहिला. पुढे १८३४ मध्ये सर जमशेदजी जीजीभाई आणि आपले मोतीशा शेठ यांनी पुढाकार घेऊन मुंबईची पांजरापोळ उभी केली. भायखळ्याचे आदिनाथ मंदिर बांधणारे तेच हे मोतीशा शेठ. गाय-बैलांची पांजरापोळ आपण सगळ्या जाणतो, पण मुंबईच्या पांजरापोळीमागे रस्त्यावरचे कुत्रे होते, हे मला साठी उलटल्यावर कळले.

तेव्हाचा प्रश्न कुत्री मारण्याचा होता. ती जन्माला घालून विकण्याचा प्रश्न आपल्या काळात मोठा झाला. आपल्याला आठवत असेल, २००३ च्या सुमारास हच मोबाईलच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे चालणारा एक चपट्या नाकाचा कुत्रा आला. तो पग. घरोघरी मुलांना पग हवा झाला. त्या चपट्या नाकामुळे त्याला धड श्वास घेता येत नाही, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर फारच हाल होतात, हे जाहिरातीत कोण सांगणार?

मागणी आली की पुरवठा येतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्यात असते. इथे पुरवठा म्हणजे एक मादी. ती साधारण सहा महिन्यांनी माजावर येते आणि सुमारे ६३ दिवसांत विते. विकणाऱ्याला प्रत्येक वेळी पिल्ले हवीत, म्हणजे तिच्या शरीराला विश्रांती नाही. पिल्लू जितके लहान तितके गोजिरे आणि तितके लवकर खपणारे, म्हणून दूध नीट तुटायच्या आत त्याला आईपासून तोडतात. अशी अशक्त पिल्ले मग घरी आणल्यावर पार्वोसारख्या रोगाला लगेच बळी पडतात. आपण पिल्लासाठी रडतो. आई तर आपण पाहिलेलीच नसते.

कायदा काय करत होता? प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्यामागे एका बाईची चिकाटी होती, हे मुद्दाम सांगते. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत स्वतः विधेयक मांडले, त्यातून पुढे हा कायदा आला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा. पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये! साठ वर्षांनंतरही आकडा तोच होता. एका पिल्लामागे हजारो रुपये मिळत असतील तर पन्नास रुपये हा दंड कसला, किरकोळ खर्चच तो.

कुत्र्यांच्या पैदाशीला आणि दुकानांना मात्र वेगळे नियम नव्हते. ऑगस्ट २०१५ मध्ये न्यायमूर्ती ए. पी. शहा अध्यक्ष असताना विधी आयोगाने २६१ वा अहवाल याच विषयावर दिला. मग मे २०१७ मध्ये पैदास करणाऱ्यांसाठी आणि सप्टेंबर २०१८ मध्ये दुकानांसाठी केंद्राचे नियम आले. दोघांनाही राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची झाली. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायचे नाही. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय आणि आठ वर्षांनंतर तिच्याकडून पिल्ले घ्यायची नाहीत. वर्षात एकाहून जास्त वेत नको, आयुष्यात पाचाहून जास्त नकोत. आईचा विचार कायद्याने असा पहिल्यांदा केला.

हे वाचताना मला आपले प्रतिक्रमण आठवले. सातव्या व्रताच्या अतिचारांत पंधरा कर्मादाने आपण म्हणतो. त्यातले एक 'केशवाणिज्य'. मी लहानपणापासून ते केसांचा व्यापार समजत होते. आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात त्याचा अर्थ स्पष्ट दिला आहे, द्विपद आणि चतुष्पद जिवांची विक्री. म्हणजे श्रावकाने जिवाचा व्यापार करू नये. आपण विकत नाही हे खरे. पण आपण घेतो म्हणून तर कोणी विकते. करणे, करविणे आणि अनुमोदणे, हे तिन्ही आपल्याला शिकवले आहे ना?

इंग्लंडने यावर साधा उपाय काढला. लुसी नावाची एक कुत्री वेल्समधल्या अशाच पैदास केंद्रातून २०१३ मध्ये सुटली. पिंजऱ्यात कोंडून ठेवल्यामुळे तिची पाठ वाकली होती. तिच्या नावाने ६ एप्रिल २०२० पासून तिथे कायदा लागू झाला. सहा महिन्यांच्या आतले पिल्लू दुकानात विकता येत नाही. जिथे ते जन्मले तिथेच जाऊन, आईसोबत पाहून घ्यावे लागते. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०१९ पासून दुकानांना फक्त निवारा केंद्रांतली सोडवलेली कुत्री ठेवायची मुभा दिली.

आपल्याकडे नियम आहेत, पण आपल्या वाळूजसारख्या ठिकाणी ते विचारणार कोण? गिऱ्हाईकच. म्हणून कोणाच्या घरी पिल्लाचा हट्ट सुरू असेल तर दुकानात तीन गोष्टी विचारा. मंडळाचे नोंदणीपत्र कुठे लावले आहे? पिल्लाचे वय आणि लसीची नोंद दाखवा. आणि याची आई कुठे आहे? उत्तर मिळाले नाही तर पाकीट उघडू नका. दया येऊन घेतले तरी त्या रिकाम्या जागी उद्या दुसरे पिल्लू येते आणि त्या आईला पुन्हा विणे भाग पडते.

एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही. नव्या नियमांत सहा महिन्यांवरच्या कुत्र्याची नसबंदी केल्याशिवाय त्याला घरी पाळायला विकता येत नाही. आपल्या कर्मादानांत 'निर्लांछन' हेही आहे. दुःखात जन्मणारे जीव थांबवणे मोठे की ते शस्त्र टाळणे मोठे? येत्या चातुर्मासात साध्वीजींना विचारणार आहे.

नातवाला मी आमच्या गल्लीत नेले. बांधकामाच्या वाळूवर एक तांबडी कुत्री चार पिल्लांना पाजत होती. तो बराच वेळ उकिडवा बसून बघत राहिला. मग म्हणाला, "आजी, ही तर आईजवळच आहेत. नको काढायला." आता रोज सकाळी सूनबाई तिला पोळी-दूध घालतात, आणि पुण्याहून त्याचा फोन आला की पहिली चौकशी तिचीच असते.