वर्गपुढारी : एका सेवापदाचा इतिहास

मंडळीच्या इतिहासात काही संस्था दीर्घ चिंतनातून जन्मास आल्या, तर काही केवळ अडचणीतून. मेथडिस्ट चळवळीतील ‘वर्ग’ ही संस्था दुसऱ्या प्रकारची होय. ब्रिस्टल शहरात १७३९ साली जॉन वेस्ली यांनी ‘न्यू रूम’ नावाचे सभागृह उभारावयास घेतले आणि त्याच्या बांधकामाचे कर्ज तेथील समाजाच्या शिरावर राहिले. ते कसे फेडावे याचा विचार करण्यासाठी १५ फेब्रुवारी १७४२ रोजी प्रमुख सभासद जमले. कर्ज फिटेपर्यंत प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, अशी सूचना निघाली. पुष्कळांची तेवढीही ऐपत नाही, अशी हरकत आली. त्यावर कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थांनी सांगितले की, अगदी गरिबांतली अकरा माणसे आपल्याकडे सोपवावीत. आपण दर आठवड्यास त्यांच्याकडे जाऊ, आणि ज्याच्याने देववणार नाही त्याची पेनी आपल्या पदरची भरू. इतरांनीही आपापल्या शेजारची तेवढीच माणसे घ्यावीत, असे ठरले. ही सारी व्यवस्था वसुलीची होती. आत्म्याच्या उन्नतीचा विषय त्या दिवशी कोणाच्या मनात असल्याचे दिसत नाही.

परंतु वसुलीसाठी का होईना, माणूस माणसाच्या उंबऱ्यापर्यंत गेला म्हणजे त्याला आतले काही दिसतेच. थोड्याच दिवसांत वसूल करणारे वेस्ली यांच्याकडे येऊन वेगळ्याच गोष्टी सांगू लागले : अमक्याच्या घरी नवराबायकोचे पटत नाही, अमका दारू प्यालेला आढळला. वेस्ली यांच्या ध्यानात आले की, आपण इतके दिवस ज्याच्या शोधात होतो ते हेच. सभासद शेकड्यांनी वाढत होते, आणि प्रवचन ऐकून घरी गेलेल्या माणसाचे पुढे काय होते हे कळण्यास मार्ग नव्हता. त्याच वर्षी २५ मार्च रोजी लंडन येथेही हीच पद्धत ठरविण्यात आली. १७४३ साली समाजाचे सर्वसाधारण नियम छापले गेले, त्यांत वर्गपुढाऱ्याचे काम नमूद आहे. आठवड्यातून निदान एकदा आपल्या वर्गातील प्रत्येकास भेटावे; त्याचा आत्मा कसा आहे, याची चौकशी करावी; मग प्रसंग पाहून सल्ला, कानउघाडणी, सांत्वन किंवा उत्तेजन द्यावे; आणि गरिबांसाठी तो जे देऊ इच्छील ते घ्यावे. या क्रमाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. सुमारे वर्षभरात पैसा शेवटी गेला आहे आणि विचारपूस पहिली आली आहे.

‘वर्ग’ या शब्दाने आपल्याकडे मात्र घोटाळा होतो. वर्ग म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर फळा, खडू आणि बाकांवर बसलेली मुले येतात. वेस्ली यांच्या मनात तसले काही नव्हते; समाजाचा एक विभाग, एक तुकडी, एवढाच त्या शब्दाचा अर्थ होता. पुढारी हा शिक्षक नव्हता. तो चांभार असे, विणकर असे, खाणीतला मजूर असे, घरकाम करणारी बाई असे, आणि त्याच्या हाती एकच साधन होते, ते म्हणजे प्रश्न.

आरंभी पुढारी प्रत्येकाच्या घरी जात. ते फार दिवस चालले नाही, आणि त्याची कारणे वेस्ली यांनी स्वतःच नोंदविली आहेत. वेळ फार जाई. पुष्कळ सभासद दुसऱ्यांच्या घरी नोकर होते. मालक पुढाऱ्यास आत येऊ देईनात, आणि येऊ दिले तरी एकांतात बोलू देईनात. शिवाय दोन सभासदांत गैरसमज झाला, तर दोघांना समोरासमोर आणल्याखेरीज तो मिटत नसे. म्हणून एका वर्गाच्या सर्वांनी, म्हणजे सुमारे बारा जणांनी, आठवड्यातून एकदा एकत्र जमावे असे ठरले. पुढारी आधी आपल्याच आठवड्याची हकीकत सांगे, आपल्या मोहांची आणि चुकांचीही. मग तो एकेकाकडे वळे. आमच्या मते या पद्धतीचे मर्म या क्रमात आहे; ज्याने स्वतःचे आधी सांगितले आहे, त्याने दुसऱ्यास विचारलेला प्रश्न चौकीवरच्या जबाबासारखा लागत नाही.

याच्या उलट उदाहरण वेस्ली यांच्याच चळवळीत शेजारी होते. मोरेव्हियन बंधूंच्या सहवासातून १७३८ साली ‘बँड’ नावाच्या लहान टोळ्या निघाल्या होत्या. पुरुष व स्त्रिया, विवाहित व अविवाहित यांचे बँड वेगवेगळे असत आणि मागील भेटीनंतर हातून कोणती पापे घडली, हे तेथे थेट विचारले जाई. ज्यांची तयारी होती त्यांना ते मानवले असेल. बहुसंख्य सभासद त्यांत कधीच गेले नाहीत. वर्ग सर्वांसाठी होता. मालक आणि मोलकरीण एकाच खोलीत बसत, आणि प्रश्नही सौम्य असे.

हा सौम्य प्रश्न वेस्ली यांना कोठून सुचला? याचे उत्तर शोधू गेल्यास आपण ब्रिस्टलहून एपवर्थच्या पाळकगृहात आणि तेथून, आश्चर्य वाटेल, पण आपल्याच देशात येऊन पोहोचतो. १७११–१२ च्या हिवाळ्यात रेव्ह. सॅम्युएल वेस्ली लंडनला गेले असता त्यांची पत्नी सुझाना रविवारी संध्याकाळी घरच्यांसाठी प्रवचन वाचून प्रार्थना करीत असे. शेजारी येऊ लागले, संख्या दोनशेच्या घरात गेली, तक्रारी झाल्या आणि पतीने आक्षेप घेतला. ६ फेब्रुवारी १७१२ च्या पत्रात तिने आपली बाजू मांडली. त्यात ती सांगते की, डॅनिश मिशनऱ्यांचा वृत्तांत वाचून आपले मन हेलावले. हे मिशनरी म्हणजे १७०६ साली तामिळ किनाऱ्यावरील त्रांकेबार येथे उतरलेले झिगेनबाल्ग आणि प्लुत्शाउ. झिगेनबाल्ग यांनी तामिळ मुलांच्या शाळेत बसून वाळूत अक्षरे गिरवली होती आणि पुढे तामिळ लोकांना त्यांच्या श्रद्धांविषयी पत्रे लिहून प्रश्न विचारले होते. मिशनऱ्यांचा वृत्तांत वाचून सुझानेने दोन निश्चय केले : शेजाऱ्यांशी अधिक आस्थेने बोलावयाचे, आणि रोज रात्री एकेका मुलाला एकट्याने वेळ द्यावयाचा. सोमवार मॉलीचा, मंगळवार हेटीचा. गुरुवार आठ वर्षांच्या जॉनचा. पुढे कॉलेजात असताना जॉनने आईला त्या गुरुवारच्या संध्याकाळची आठवण करून दिली होती. वर्गाचा उगम केवळ येथेच आहे असे म्हणणे धाडसाचे होईल. पण आठवड्यातून ठरलेल्या वेळी कोणी तरी आपल्याला, आणि आपल्यालाच, विचारते याची गोडी त्यांनी प्रथम आईजवळ चाखली, यात शंका नाही.

या पद्धतीची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासाला धरून होणार नाही. दर तीन महिन्यांनी सभासदांची तपासणी होऊन त्यांना तिकिटे मिळत आणि ज्याला तिकीट नाकारले तो समाजाबाहेर पडे. मार्च १७४३ मध्ये न्यूकॅसल येथे वेस्ली यांनी चौसष्ट जणांना काढून टाकले. त्यांची यादी त्यांच्या दैनंदिनीत आहे. सतरा जण मद्यपी होते, तिघे भांडखोर, एकजण बायकोला मारणारा, एकजण आळशी. आणि सर्वांत मोठी संख्या, एकोणतीस, ही केवळ उथळपणा आणि बेफिकिरी यांसाठी काढलेल्यांची होती. बायकोला मारणाऱ्यास जाब विचारला हे योग्यच झाले. परंतु त्या एकोणतिसांपैकी किती जण खरोखर बेफिकीर होते, आणि किती जणांना पुढाऱ्याने नीट विचारलेच नव्हते, हे ती यादी सांगत नाही. विचारपूस आणि टेहळणी यांच्यामध्ये फार रुंद भिंत नसते.

तरीही हे पद ज्यांच्या हाती आले त्यांनी त्याला काय रूप दिले, हे पाहण्यासारखे आहे. व्यासपीठ ज्यांना बंद होते अशा कितीतरी स्त्रिया वर्गपुढारी झाल्या. १७६१ च्या फेब्रुवारीत साराह क्रॉस्बी डर्बी येथे सुमारे तीस जणांच्या वर्गाला भेटावयास गेल्या, तो समोर दोनशेच्या आसपास माणसे. एकेकाशी बोलणे अशक्य. त्यांनी स्तोत्र सांगितले, प्रार्थना केली आणि प्रभूने आपल्यासाठी काय केले ते सर्वांना सांगितले. मग हे उपदेश करणे झाले की काय, या भीतीने वेस्ली यांना पत्र लिहिले. त्यांचे उत्तर आले की, आपण मर्यादा ओलांडलेली नाही. मनात आहे ते सरळ सांगत जावे.

एकोणिसाव्या शतकात मात्र वर्ग उतरणीस लागला. आठवड्याला पेनी आणि तिमाहीला शिलिंग ही वहिवाट पक्की झाली, प्रश्न तोच, उत्तरेही तीच, आणि पुढारी पुन्हा वसुली करणारा झाला. अमेरिकेतील दक्षिणेकडच्या मेथडिस्ट एपिस्कोपल मंडळीने १८६६ साली वर्गाच्या हजेरीची सक्ती काढून टाकली. मौज अशी की, तिकडे हे होत असता पाचच वर्षांनी मुंबईत त्याच पद्धतीला नवा जीव आला. विल्यम टेलर यांनी १८७१ च्या अखेरीस तेथे सभा घेतल्या, आणि ज्यांचे मन पालटले त्यांना घरोघरी भरणाऱ्या लहान सहभागिता-मंडळांत गोवले. १८७२ मध्ये त्यांतून मंडळी उभी राहिली. १८४८ पासून मुंबईच्या वस्तीत साधेपणाने राहणारे, पगार सोडून दिलेले जॉर्ज बोवेन त्या कार्यास येऊन मिळाले. बडोदे, बेळगाव आणि हैदराबाद या भागांतील मेथडिस्ट परंपरेच्या मंडळ्यांतून आज ज्या घरसभा भरतात, त्यांच्या पूर्वजांत या मंडळांची गणना करावी लागेल.

एका पुढाऱ्याचे नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. कॉर्नवॉलचे विल्यम कार्व्होसो यांचा जन्म १७५० चा. ते शेतकरी होते. शिक्षण बेताचेच, वाचता येई, लिहिता येत नसे. साठ वर्षे त्यांनी वर्ग चालविले. शेतीतून मोकळे झाल्यावर एका वेळी तीन वर्ग त्यांच्याकडे होते. आपल्या माणसांपैकी कोणी दूर गेले, कोणी आजारी पडले, त्यांची विचारपूस कशी करावी? वयाची पासष्टी उलटल्यावर कार्व्होसो लिहावयास शिकले, आणि त्यानंतर मित्रांना व वर्गातील माणसांना अखेरपर्यंत पत्रे लिहीत राहिले. १८३४ साली ते वारले. पुढच्या वर्षी त्यांच्या मुलाने त्यांच्या आठवणी छापल्या, त्यांत ती पत्रे आहेत.